आठ काप, चार कोपरे

मी पेशाने मराठीचा अध्यापक. संधी फोडणे आणि समास सोडवणे यांवर माझे घर चालते. दोन शब्द जोडताना मधला स्वर कसा बदलतो, हे मी गेली वीस वर्षे मुलांना फळ्यावर दाखवीत आलो. पण लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना कशा जोडाव्यात, हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. वास्तविक ते शिकायला मला उंबरठाही ओलांडावा लागला नसता. आमचे अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते.

कुर्डुवाडी म्हटले, की पुण्या-सोलापूरच्या प्रवाशांना एक मोठे जंक्शन आठवते, एवढेच. पण आमचे गाव वाढले ते छोट्या गाडीच्या आधाराने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज एंजिनियराने १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवर गाडी सुरू केली. तेव्हा स्टेशनाचे नावही 'बार्शी रोड' असे होते. पुढे ती गाडी एका अंगाने पंढरपूर-मिरजेला आणि दुसऱ्या अंगाने लातूरला पोचली. १९५४ साली सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. त्या गाडीच्या डब्यांची दारे, खिडक्या आणि बाकडी दुरुस्त करण्यात अण्णांचा जन्म गेला. २००८ साली लातूरच्या वाटेवर रुंद रूळ आले आणि त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले. "गाडीनं आणि यांनी एकदमच पेन्शन घेतली," असे आई आल्यागेल्याला सांगत असे.

ती आई गेल्या वर्षी श्रावणात गेली.

तिचा फोटो मोठा करून आणला आणि बाजारातल्या एका दुकानात चौकटीत बसवून घेतला. चौकट दिसायला झकपक होती. पण दोन महिन्यांत तिचा वरचा डावा कोपरा उकलला. घरात इतर कोणाच्या ते ध्यानातही आले नसते. पण अण्णांची खुर्ची फोटोच्या बरोबर समोर. चहा घेताना त्यांची नजर वर जाई, ती आईच्या चेहऱ्यावर न थांबता त्या कोपऱ्यावर जाऊन अडके. एके दिवशी एवढेच म्हणाले, "कोपरा उघडा पडलाय." पुढे काही नाही.

दरवर्षी खंडेनवमीला अण्णा आपली हत्यारांची पेटी बाहेर काढीत. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या सगळे पुसून, तेल लावून पाटावर मांडीत आणि हळदकुंकू वाहत. गेल्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून पेटी निघाली नाही, हे ठीकच. परंतु दसरा उलटला, दिवाळी गेली, तरी तिचे कुलूप तसेच राहिले. हात कापतात, हे त्यांनी सांगितलेले कारण. खरे कारण मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. बापलेकांचे बोलणे आमच्याकडे असेच चालते.

तेव्हा मी मनाशी ठरवले, की आईच्या फोटोची चौकट आपण करायची. चार पट्ट्या, चार कोपरे; त्यात अवघड ते काय?

वाचकहो, ज्यांना असे वाटत असेल त्यांनी हा लेख जरूर पुढे वाचावा.

मागच्या पडवीत मी कारखाना थाटला. एक जुने टेबल, बाजारातून आणलेली करवत, एक गुण्या, आणि तिरका काप घेण्यासाठी मिळते ती लाकडी पन्हळ. ह्या पन्हळीच्या दोन्ही भिंतींना पंचेचाळीस अंशांत चिरा पाडलेल्या असतात. पट्टी पन्हळीत ठेवायची, करवत चिरेत घालायची आणि कापायचे. सरावाला खोक्याच्या देवदारी फळ्या घेतल्या. एका रविवारी आठ काप घेतले. तीन कोपरे जुळवले, ते बरे जुळले. चौथा जुळवायला गेलो, तर पट्ट्यांच्या मधून शाळेची पेन्सिल आरपार गेली.

हे कोडे आमच्या सातवीतल्या कन्येने सोडवले. चौकटीला कोपरे चार, म्हणजे काप आठ. प्रत्येक काप अर्ध्याच अंशाने चुकला, असे धरा. अर्धा अंश डोळ्यांना दिसतही नाही. पण आठ वेळा अर्धा म्हणजे चार अंश, आणि तीन कोपरे घट्ट बसवले की ते चारही अंश शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतात. माझ्या पट्ट्या तीन इंच रुंद. तिरक्या कापाची लांबी सव्वाचार इंचांच्या आसपास. तेवढ्या लांबीवर चार अंश म्हणजे सात मिलिमीटरांची फट. पेन्सिल जाणारच! अष्टकोनी चौरंग करायला घेतला असता तर सोळा काप आणि आठ अंश. "बाबा, तुम्ही चौकोनच करा," असा सल्ला देऊन ती खेळायला गेली.

पुण्याचा माझा भाचा त्याच सुमारास आला होता. त्याच्याकडे विजेवर चालणारी करवत आहे. तिला खाली अंशांचा पट्टा असतो आणि पंचेचाळिसाच्या खाचेत ती खट्‌कन बसते. "मामा, यंत्र घ्या, प्रश्नच मिटला," असे तो म्हणाला. मी आनंदाने मान डोलावली, तोच पडवीच्या दारातून आवाज आला :

"त्या आकड्यावर छापलंय पंचेचाळीस. खरं किती हाय, ते कुणी बघितलं?"

अण्णा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

ते आत आले, टेबलावरचा माझा नवा गुण्या उचलला आणि म्हणाले, "आधी ह्येला इचार, तू खरा का खोटा."

गुण्याला विचारायचे कसे, ते सांगतो. कारण सगळ्या सुतारकामाची गोम तिथे आहे. एक सरळ कडेची फळी घ्यावी. गुण्याचा दांडा कडेला टेकवून पात्याने एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करावा, म्हणजे डावीकडे तोंड होते ते उजवीकडे. दांडा त्याच कडेला, पाते रेघेच्या पायथ्याशी. आणि दुसरी रेघ ओढावी. गुण्या खरा असेल तर रेघेवर रेघ बसते. खोटा असेल तर दोन्ही रेघा वर फाकतात, आणि ते फाकणे खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. माझ्या कोऱ्या गुण्याच्या रेघा वीस सेंटिमीटर उंचीवर दोन मिलिमीटर फाकल्या. म्हणजे गुण्या मुळात एक मिलिमीटरने खोटा. अंशाच्या पाव भागाहून थोडा जास्तच.

"आता पंचेचाळीस असा उलटवून बघ," अण्णा म्हणाले.

मी विचार केला. पंचेचाळीस उलटवता येत नाही. काटकोन उलटवला तरी काटकोनच राहतो, म्हणून तो स्वतःच स्वतःची साक्ष देतो. पंचेचाळिसाला साक्षीदार बाहेरून आणावा लागतो. दोन काप एकत्र जोडावेत आणि त्यांचा काटकोन होतो का, ते खऱ्या गुण्याने पाहावे, हाच त्याचा पडताळा. यंत्र घ्या नाहीतर पन्हळ घ्या, परीक्षा हीच.

"म्हून पंचेचाळिसाच्या मागं लागायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "नव्वदाला धरायचं."

आणि त्यांनी पेटीची किल्ली मागितली. ती आईच्या जुन्या डब्यात होती.

पेटीतून त्यांचा जुना गुण्या निघाला. त्याच्या रेघा एकावर एक बसल्या. मग त्यांनी माझ्याकडून एक साधन करवून घेतले. दीड फुटाची जाड प्लायवुडची फळी. तिच्यावर एक अरुंद फळी कमी अशी बसवली, की उजव्या हाताला खालच्या पातळीची एक वाट उरली. त्या वाटेवर रंधा आडवा, कुशीवर झोपवून सरकतो. वरच्या फळीवर प्लायवुडचाच एक त्रिकोण बसवला. त्याचे टोक रंध्याच्या वाटेकडे, आणि टोकाशी काटकोन. त्रिकोणाच्या दोन बाजू वीस-वीस सेंटिमीटर. मग तिसरी अठ्ठावीस सेंटिमीटर आणि जवळजवळ तीन मिलिमीटर यायला हवी. (चौरसाच्या कर्णाचे हे गणित आपल्या शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदीसाठी दोरी ताणून इतके बारीक सोडवले होते, की दशांश चिन्हापुढची पाच घरे बरोबर येतात. ही माहिती मी अण्णांना दिली. "त्येंची येदी गळत नसंल," एवढेच ते म्हणाले.)

आता ह्या त्रिकोणाची खुबी पाहा. एका पट्टीचे डावे टोक त्रिकोणाच्या एका बाजूला टेकवून रंधायचे, दुसरीचे उजवे टोक दुसऱ्या बाजूला टेकवून रंधायचे. त्रिकोण जरासा वाकडा बसला असेल तर एक काप साडेचव्वेचाळीस अंशांचा होईल. पण मग दुसरा आपोआप साडेपंचेचाळीस होतो, कारण त्रिकोणाच्या टोकाशी पुरते नव्वद आहेत. दोन्ही मिळून काटकोन तो काटकोनच. आणि चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात एक डावे टोक व एक उजवे टोक येते, दोन डावी कधीच येत नाहीत. म्हणजे एका कोनाची खातरी करून घेतली, की आठही काप निकालात निघतात.

"एक कमी, एक जास्त," अण्णा त्रिकोणावर बोट ठेवून म्हणाले. "पर दोगं मिळून गुण्यात." नंतर थोडे थांबून म्हणाले, "तुझी आई जास्त होती."

'गुण्यात असणे' म्हणजे काटकोनात असणे. गवंडी, सुतार सगळेच हा शब्द वापरतात. 'गुण्यागोविंदाने नांदणे' यातला गुण्या तोच, असे कोणत्याही व्युत्पत्तिकोशाच्या आधाराने मी म्हणू शकत नाही, आणि विद्यार्थ्याने लिहिले तर गुण कापीन. पण त्या दिवशी पडवीत मला ते अगदी पटले होते.

आमचा त्रिकोण पहिल्या तपासणीत किंचित चिंचोळा निघाला. पुन्हा कापायचा का, असे मी विचारले. अण्णांनी एक जुने पोस्टकार्ड मागितले, त्याची चिंधीएवढी पट्टी कापली आणि त्रिकोणाच्या एका बाजूला, टोकापासून दूरच्या शेवटाशी चिकटवली. कार्डाची जाडी पाव मिलिमीटर. वीस सेंटिमीटर लांबीवर तेवढ्याने कोन अंशाच्या चौदाव्या हिश्शाने उघडतो. कोणत्या यंत्रावर चौदावा हिस्सा छापलेला असतो? दोन कार्डांनी आमचे काम झाले.

आणखी दोन गोष्टी त्यांनी पढवल्या. पहिली : करवतीचा काप रेघेच्या बाहेर, कागदाएवढा राखून घ्यावा, रेघेपर्यंत नेण्याचे काम रंध्याचे. रंध्याचे पाते इतके कमी बाहेर काढावे, की तुटक छिलका न निघता उजेड दिसेल अशी पापुद्र्यासारखी साल निघावी. करवत आपण ओढतो तेव्हा ती भरकटते. "वडायची नसती, चालवायची असती," असे ते म्हणत. दुसरी : कोन कितीही चोख असले, तरी समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसतील तर चौकट जुळत नाही. म्हणून टेपाने दोनदा मोजायचे नाही. टोकाशी एक ठोकळा पक्का बसवून दोन्ही पट्ट्या त्याच ठोकळ्याला टेकवून बेतायच्या. मोजण्यात चूक होते, टेकवण्यात होत नाही.

आता खरे लाकूड. अण्णांनी स्वतःच्या लग्नात केलेला सागवानी पलंग माळ्यावर मोडून ठेवला होता. त्याच्या बाजूच्या दोन फळ्यांपैकी एक वाळवीने खाल्लेली. तिच्यातला दोन फुटांचा तुकडा तेवढा शाबूत. दुसरी सहा फुटी चांगली. चौकटीला एकवीस इंचांच्या दोन आणि अठरा इंचांच्या दोन पट्ट्या हव्या होत्या. सहा फुटांतून तीन निघाल्या, तुकड्यातून चौथी निघाली. उरले ते दोन तुकडे. एक फुटाच्या आतला आणि दुसरा वीतभराहूनही लहान. एकही पट्टी बिघडली तर दुसरी निघणार नव्हती. त्या पलंगाचे लाकूड जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नव्हते.

काचेसाठी मागून खाच पाडून झाली. करवतीचे काप झाले. रंधायची वेळ आली, तेव्हा माझे हात थांबले. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच करा."

त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटे थरथरत होती. मराठीत हात थरथरतात तेव्हा हात कापतात असे म्हणतात, आणि करवतही कापतेच. हा श्लेष मी वर्गात कधी शिकवला नव्हता. पुढेही शिकवणार नाही.

"मी धरतो," ते म्हणाले. "तू चालीव."

त्यांनी पट्टी त्रिकोणाला टेकवून दोन्ही तळव्यांनी दाबली. दाबल्यावर त्यांचे हात अगदी स्थिर झाले. मी रंधा सरकवला. पहिली साल निघाली, ती टोकापासून टोकापर्यंत अखंड. त्या संध्याकाळी आठ टोके झाली. मध्ये दोनदा त्यांनी "पुरं" म्हटले आणि मी थांबलो. एकदा म्हटले नाही, तरी थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले.

जोडताना एक पथ्य पाळावे लागते. तिरक्या कापाला लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. ती गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कोरडा राहतो. बाजारच्या चौकटीचा कोपरा कदाचित त्यामुळेच उकलला असेल. म्हणून आधी गोंदाचा पातळ हात देऊन तो मुरू द्यायचा, मग दुसरा हात देऊन जोडायचे. चौकटीभोवती सुतळीचा वेढा घालून काडीने पीळ दिला, की चारही कोपरे एकदम आवळले जातात. त्याच वेळी दोन कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्याला बाहेरून करवतीची चीर देऊन तीत शिसवीची पातळ चीप बसवली. सांध्याला हा आडवा आधार लागतोच. गोंदाच्या एकट्याच्या जिवावर कोपरा सोडू नये.

पौषात फोटो भिंतीवर गेला. अण्णांनी चारही कोपऱ्यांवर अंगठ्याचे नख फिरवले. नख कुठेच अडकले नाही. ते खुर्चीत जाऊन बसले, चहा मागितला आणि वर पाहिले. त्या दिवशी त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली नाही.

गोष्ट इथे संपवावी, असा मोह होतो. पण मे महिन्यात काय झाले, ते लपवणे बरे नव्हे. कुर्डुवाडीचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगायला नको. हवेतला ओलावा पार आटतो. एका दुपारी मला वरच्या डाव्या कोपऱ्याला आतल्या अंगाने केसाएवढी फट दिसली. तोच कोपरा! माझे धाबे दणाणले. स्टूल घेऊन चढलो. नख अडकले.

अण्णांनी खुर्चीतूनच विचारले, "आतनं का भायेरनं?"

"आतून."

"मग उन्हाचं हाय. आषाढात मिटंल."

यामागचे शास्त्र त्यांनी नंतर सांगितले. लाकूड लांबीत वाढत नाही की घटत नाही. ते रुंदीत वाढते-घटते. कोरड्या हवेत पट्टी रुंदीला आकसते, लांबी तेवढीच राहते, आणि तिरक्या कापाचा कोन बारीक होतो. मग कोपरा बाहेरून टेकलेला राहतो आणि आतून उघडतो. दमट हवेत याच्या उलट. पट्टी जितकी रुंद, तितकी ही हालचाल जास्त. सागवानात ती पुष्कळ कमी, पण नाहीच असे नाही. "लाकूड हाय त्ये, लोखंड न्हवं," अण्णा म्हणाले. "जरा उघडंल, जरा मिटंल. आपुन फकस्त बघायचं, की उघडलेलं मिटतंय का."

ज्येष्ठाअखेर पाऊस आला. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपूरच्या गाड्या माणसांनी ओसंडून चालल्या होत्या. घरात पाहुण्यांची वर्दळ होती. त्या गडबडीत कन्येने स्टूल ओढले, चढली आणि कोपऱ्यावरून नख फिरवले.

"मिटली, आजोबा."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी वर पाहिले नव्हते.

श्रावणात आईचे वर्षश्राद्ध झाले. यंदाच्या खंडेनवमीला पेटी बाहेर निघाली. हत्यारे पुसली, तेल लावले, पाटावर मांडली. अण्णांचा जुना गुण्या मध्ये ठेवला. शेवटी अण्णांनी पडवीतून तो प्लायवुडचा त्रिकोण आणवला, पोस्टकार्डांच्या चिंध्यांसकट. त्यालाही हळदकुंकू वाहिले. माझा बाजारचा खोटा गुण्या मी मुद्दामच मांडला नव्हता. अण्णांनी तोही आणायला सांगितला.

"त्येला तासून खरा करायचा हाय," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत तुला काय काम हाय?"